पस्तीस बाय पंचेचाळीस

पहिला फोटो मार्चमधला.
मागे पांढरा पडदा, दोन्ही कान दिसायला हवेत,
चष्मा काढा, दात नकोत.
"हासाचंबी नाही?"
नाही म्हटलं, दूतावासाला मिटलेलं तोंड लागतं.
सुदाम नगराऱ्यांनी जरा विचार केला.
"मंग सिग्नल पाहाचं तोंड करतो."
आणि केलं. डोळे थेट माझ्या लेन्समधून पलीकडे,
दोन किलोमीटर तरी.

अजनीच्या कॉलनीसमोर माझं दुकान. फोटो, झेरॉक्स, लॅमिनेशन.
काउंटरवर त्यांनी कागद मांडले तिकीट तपासणीसाला दाखवावेत तसे:
पेन्शनची स्लिप, रामेश्वरीतल्या घराची टॅक्स पावती,
उत्पलाचं गेंटहून आलेलं पत्र.
पोरगी तिथल्या नदीतला गाळ मोजते. त्यात शिसं किती, ते.
जूनमध्ये पीएचडीची तोंडी परीक्षा, सगळ्यांसमोर.
तीन आठवडे फक्त.

बोटांचे ठसे द्यायला मुंबईला गेले, दुरांतोनं.
रात्रभर झोप नाही. ड्रायव्हरनं कसाऱ्याला
ब्रेक उशिरा लावला, हे मला दोनदा सांगितलं.

एप्रिलअखेर लिफाफा आला. वाच म्हणाले.
छापील चौकटी होत्या, एकीत फुली.
मी मराठीत केलं, जमेल तसं:
मुदत संपण्याआधी आपण परत जाल
याची आम्हाला खात्री वाटत नाही.

कूलरचा आवाज तेवढा.

"परत?"

चौतीस वर्षं. नागपूर–इटारसी, इटारसी–नागपूर.
बल्लारशाच्या रनिंग रूममधली खाट,
पांढऱ्या रंगानं नाव लिहिलेली लोखंडी पेटी,
पहाटे चारला उठवणारा कॉल बॉय.
"एकबी खेप इंजिन तिकडंच ठेवून आलो का मी?
विचार शेडमंधी."

जूनमधली परीक्षा माझ्याच दुकानात झाली.
वायफाय बरं होतं म्हणून.
लॅमिनेशनच्या मशीनला टेकवलेला मोबाइल,
त्यात बोटभर उत्पला, मागे नकाशा.
त्यांना इंग्रजी जेमतेम; हात गुडघ्यांवर ठेवून पाहत राहिले.
तिकडे टाळ्या झाल्या, तेव्हा
आधारची झेरॉक्स काढायला आलेली बाईही वाजवू लागली.

सप्टेंबरात परत आले. फोटो सहा महिन्यांच्या आतला लागतो.
आता कशाला, काका? परीक्षा तर झाली.
"तिनं मोजलेला गाळ पाहाचा हाय."

या वेळी सोबत एक वहीचं पान:
मी परत येईन त्याची कारणं.
विहाराची किल्ली माझ्याजवळ असते.
चैतात कूलरचं गवत बदलायचं असतं, आमच्या गल्लीत ते मलाच जमतं.
सम्यकला सायकल शिकवून राहिलो, अर्धी झाली.
हे इंग्रजीत टाईप कर, म्हणाले.
मी पेन्शन टाईप केली. घर. मुदत ठेव.
ते पान अजून माझ्या खणात आहे.
त्यांना सांगितलेलं नाही.

अकरा दिवस मिळाले. एकदाच प्रवेश.

आणि ऑक्टोबरमधल्या एका दुपारी
रिक्षा थेट दुकानासमोर थांबली,
बॅगेला विमानाची चिठ्ठी तशीच.
"फोटो काढ."
आता कशाचा?
"परत आल्याचा."

मी सांगितलं, तो कोणी मागत नाही.
त्यांना ठाऊक होतं. मुंबईच्या हापिसात फोन लावला होता:
हिंदीसाठी एक दाबा, अर्जाची स्थिती जाणण्यासाठी दोन,
परत आलेल्या माणसासाठी
नऊपर्यंत काहीच नव्हतं.

पांढरा पडदा ओढला. काका, आता हसा, आता चालतं.
त्यांनी सिग्नल पाहायचं तोंड केलं.
क्लिक करणार, तोच त्यांनी हात वर केला,
खाली वाकून बुटांकडे पाहिलं.
करडा चिखल, वाळून पापुद्रे आलेला,
इथल्या कोणत्याच मातीचा नाही.
"हे पुसाचं नाही न?"

नाही काका, राहू द्या.
तेवढं खालचं यात येत नाही.